मध्ययुगीन ख्रिस्ती लाकडी मूर्तींचा रंग: मूळचा की मागाहून चढवलेला?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्मनीच्या प्रवासात आपण कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये रंगवलेला लाकडी ख्रिस्त पाहिला आणि पुढे म्युनिकच्या संग्रहालयात त्याच परंपरेतल्या काही मूर्ती उघड्या, तपकिरी लाकडाच्या पाहिल्या. या दोहोंतले मूळ रूप कोणते, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. शिवाय वसईच्या आपल्या घरी पणजोबांच्या काळापासून असलेल्या मरियामातेच्या लाकडी मूर्तीच्या रंगाचे पोपडे सुटू लागले आहेत, तेव्हा तो रंग खरवडून आतल्या लाकडाला पॉलिश करून घ्यावे का, असेही आपण विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथे उशीर परवडणारा नाही: खरवडू नका. असे का म्हणतो, ते पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून आपोआप स्पष्ट होईल. मी गेली अनेक वर्षे रंगीत लाकडी मूर्तींच्या जतनाचे काम करतो. त्यातले बहुतेक काम गोव्यातल्या आणि कोकणपट्टीतल्या चर्चमधल्या मूर्तींवर झाले असले, तरी हाताला वळण लागले ते युरोपात, मध्ययुगीन मूर्तींच्या सान्निध्यात, शिकाऊ असताना.

मध्ययुगीन युरोपात रंग न दिलेली लाकडी मूर्ती ही, थोडे अपवाद सोडले तर, अपुरी मूर्ती समजली जाई. मूर्ती कोरून झाली आणि मग शोभेसाठी तिला रंग फासला, असा तो क्रम नव्हता. कोरणाऱ्याला आपल्या कामावर पांढऱ्या अस्तराचे अनेक थर चढणार आहेत, हे पटाशी हातात घेतानाच ठाऊक असे. म्हणून तो डोळ्यांच्या पापण्या नुसत्या सुचवून सोडून देई, केसांच्या बटा थोड्या जास्त खोल घेई आणि बोटांमधल्या फटी थोड्या रुंद ठेवी, कारण अस्तराने त्या भरून येणार असत. अशा मूर्तीचा रंग आज निघून गेला असेल, तर आपल्याला दिसते ती कोरणाऱ्याने कुणाला दाखवण्यासाठी केलेली वस्तूच नव्हे.

आपण कोलोनमध्ये पाहिलेला ख्रिस्त बहुधा गेरोचा क्रूस असावा. ओकच्या लाकडातली ही १८७ सेंटिमीटर उंचीची मूर्ती आर्चबिशप गेरो यांच्या नावाने ओळखली जाते. लाकडातल्या वृक्षवलयांची १९७६ मध्ये तपासणी झाली, तेव्हा ती ९६५च्या आसपासची ठरली. म्हणजे युरोपात टिकून राहिलेल्या मोठ्या लाकडी क्रूसमूर्तींपैकी ती अगदी आरंभीची आहे. तिच्याजवळ उभे राहिल्यावर माझी नजर चेहऱ्याआधी पोटावर गेली होती. देह स्वतःच्या वजनाने खाली ओढला गेला आहे, खांद्यांचे स्नायू ताणले आहेत, पोट पुढे सुटले आहे, डोळे मिटले आहेत. क्रूसावरचा विजयी, उघड्या डोळ्यांचा ख्रिस्त पाहण्याची सवय असलेल्या त्या काळात इतका मेलेला देह कोरणे ही धाडसाची गोष्ट होती. तिच्या अंगावर आज दिसणारा रंग मात्र दहाव्या शतकातला नाही, आणि मागची सोनेरी किरणांची संगमरवरी वेदी तर १६८३ मधली आहे. म्हणजे ‘रंगवलेली म्हणून मूळची’ असाही सरळ हिशेब करता येत नाही. मूर्तीला रंग असणे हे मूळचे. आज दिसणारा रंग मूळचा असेलच असे नाही.

या परंपरेच्या मुळाशी लाकडाइतकेच सोने आहे. एसेनची मरियामाता ९८०च्या सुमाराची, आतून पॉप्लरच्या लाकडाची आणि बाहेरून सोन्याच्या पत्र्याने मढवलेली. फ्रान्समधल्या कॉन्क येथील संत फोईची मूर्तीही तशीच, लाकडी गाभ्यावर सोने आणि रत्ने. अँजे येथे शिकवणारा बर्नार नावाचा विद्वान १०१३ मध्ये कॉन्कला गेला, तेव्हा लोक त्या मूर्तीपुढे लोटांगण घालताना पाहून त्याला हसू आवरेना. ही तर जुन्या रोमन देवतांसारखीच मूर्तिपूजा झाली, असे त्याला वाटले. कोरीव मूर्ती असावी तर क्रूसावरच्या ख्रिस्ताची, संतांसाठी ग्रंथ आणि भिंतीवरची चित्रे पुरेशी आहेत, असे त्याचे मत होते. पुढे त्याच संतेच्या चमत्कारांच्या कथा ऐकून तो वरमला आणि त्याच कथा त्याने लिहून काढल्या. मूर्तीविषयीचा हा संकोच बाराव्या शतकापर्यंत बराच ओसरला आणि सोने न परवडणाऱ्या गावांनीही मूर्ती करवून घेतल्या. मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य भागातली, मांडीवर बाळ येशू घेऊन ताठ बसलेली मरियामाता ही त्यांतली सर्वांत ठसठशीत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अशी एक अक्रोडाच्या लाकडातली मूर्ती आहे. तिच्यावर तागाचे कापड, शिशाच्या सफेत्याचे अस्तर, रंग आणि कथिलाच्या पत्र्याचे उठावदार काम सापडले आहे. सोनारकामाची ही गरिबाघरची आवृत्तीच म्हणायची, पण हात मात्र गरीब नव्हे.

आता कामाच्या पद्धतीकडे येतो, कारण आपल्या मूर्तीचे दुखणे तिथेच समजेल. उत्तरेकडे ओक, दक्षिण जर्मनीत लिंडेन, फ्रान्समध्ये अक्रोड, इटलीत बहुतेक पॉप्लर, अशी लाकडाची निवड साधारणपणे जवळ काय उगवते यावर ठरे. लिंडेनचे लाकूड मऊ आणि एकसारख्या पोताचे असते, त्यात पटाशी कोणत्याही दिशेने चालवता येते. पंधराव्या शतकातल्या जर्मन मूर्तींच्या चुण्याचुण्यांच्या वस्त्रांचे अर्धे श्रेय या झाडाला द्यावे लागेल. पण लाकूड कोणतेही असो, ते वाळताना आकसते, आणि वलयांच्या परिघाच्या दिशेने त्याचे आकसणे त्रिज्येच्या दिशेतल्या आकसण्याच्या साधारण दुप्पट असते. म्हणून गाभ्यासकटचा गोल ओंडका वाळला की बाहेरून मध्याकडे फाटतोच. यावर त्या कारागिरांचा उपाय सोपा होता: मूर्ती मागच्या बाजूने पोखरून गाभा काढून टाकायचा आणि हवे तर मागे फळी बसवायची. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मूर्तीची पोकळ पाठ पाहून काही लोकांना ती चोरकप्प्यासारखी वाटते, पण तिथे भेग टाळण्यापलीकडे बहुतेक वेळा काहीच हेतू नसतो. कोरताना ओंडका बाकावर दोन खिळ्यांमध्ये आडवा धरून फिरवत, त्यामुळे अनेक मूर्तींच्या टाळूवर एक भोक असते आणि त्यात ठोकलेली लाकडी खुंटी. मी कोणतीही जुनी मूर्ती हाती घेतली की आधी टाळू आणि पाठ पाहतो, चेहरा नंतर.

या कामावर नियमांचा पहाराही होता. पॅरिसचे राजाधिकारी एत्येन ब्वालो यांनी १२६८च्या सुमारास तिथल्या कारागीर संघांचे नियम लिहवून घेतले, त्यांत मूर्ती मुकुट वगळता एकाच लाकडातून कोरलेली असावी, असा दंडक आहे. क्रूसावरच्या ख्रिस्ताला तेवढी तीन तुकड्यांची मुभा, कारण पसरलेले हात एका ओंडक्यात मावत नाहीत. हा हट्ट सौंदर्याचा नव्हता. सांधा हलला की त्यावरचे अस्तर तडकते आणि गिऱ्हाईक फसते. पुढे अँटवर्पमध्ये तपासून मान्य केलेल्या लाकडावर उघड्या पंजाचा शिक्का तापवून मारत, तर ब्रसेल्समध्ये लाकडी हातोड्याचा; रंगकाम आणि सोनेकाम पसंत पडले की त्याची खूण वेगळी. एका मूर्तीवर दोन शिक्के याचा अर्थ दोन वेगळे व्यवसाय आणि दोन वेगळ्या जबाबदाऱ्या. सुताराने चिताऱ्याच्या कामात हात घालायचा नाही, हे भांडण आपल्याला काही नवे नाही.

चिताऱ्याकडे मूर्ती आली की पहिल्यांदा तिला कातड्यांपासून काढलेल्या सरसाचे गरम पाणी पाजत. गाठी आणि सांधे यांवर तागाच्या कापडाच्या पट्ट्या चिकटवत. मग सरसात कालवलेल्या खडूच्या भुकटीचे अस्तर, आल्प्सच्या दक्षिणेला खडूऐवजी जिप्सम. हे अस्तर एकदा दाट चढवायचे नसते. पातळ थर, वाळवण, पुन्हा थर, असे कित्येकदा. सावंतवाडीच्या गंजिफांवर चिंचोक्याच्या खळीचे अस्तर चढताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या कामातला संथपणा वेगळा सांगायला नको. वाळलेले अस्तर हॉर्सटेल नावाच्या खरखरीत वनस्पतीच्या कांड्यांनी घासून गुळगुळीत करत आणि वस्त्राच्या कडा, केसांचे तपशील त्यात पुन्हा कोरत. म्हणजे मूर्तीचे शेवटचे कोरीवकाम पुष्कळदा लाकडात नसते, अस्तरात असते. रंग खरवडला की हे कोरीवकाम रंगाबरोबर केरात जाते.

सोने लावायच्या जागी अस्तरावर तांबड्या मऊ मातीचा लेप देत, तो ओलावून त्यावर वर्ख ठेवत, आणि वाळल्यावर घोटत. इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी यांनी १४००च्या सुमारास लिहून ठेवलेल्या कारागिरीच्या सूचनांत घोटण्यासाठी कुत्र्याचा, लांडग्याचा, सिंहाचा दात चालतो असे म्हटले आहे. आम्ही अगेट, म्हणजे अकीक दगड, वापरतो. नीट घोटलेले सोने घन धातूसारखे दिसते आणि मेणबत्तीच्या हलत्या ज्योतीत मूर्तीच्या वस्त्राच्या घड्या जणू हलतात. त्याशेजारी मुद्दाम निस्तेज ठेवलेला निळा, तांब्याच्या अझुराइट या खनिजाचा, सरसात कालवलेला. निळ्याची ही कोरडी खोली आणि सोन्याची झळाळी एकमेकांसाठी योजलेली होती. स्वस्तात काम भागवायचे असेल तर चांदीच्या वर्खावर पिवळसर रोगण देऊन सोन्याचा भास आणत, आणि तांबडे किंवा हिरवे पारदर्शक रोगण दिले की रेशमासारखी चमक. श्रीमंत कामात कथिलाचा पातळ पत्रा, आपल्या बेगडीचाच भाऊ, कोरलेल्या साच्यात दाबून त्याच्या पाठीवर भरण घालत आणि जरीच्या कापडाचा ठसा मूर्तीच्या झग्यावर चिकटवत. पंधराव्या शतकातल्या काही मूर्तींवर या ‘जरी’चे धागे बोटाच्या नखाएवढ्या जागेत अनेक मोजता येतात.

त्वचेचा रंग मात्र तेलात. शिशाचा सफेता आणि हिंगूळ, गालांवर आणि गुडघ्यांवर लाली, डोळ्यांच्या कोपऱ्यांत तांबूस ठिपका. मृत देहाच्या कातडीत गुलाबी छटा घालू नये, असे चेन्निनी बजावतात. बॉनच्या संग्रहालयातली रॉटगेन पिएता नावाने ओळखली जाणारी चौदाव्या शतकातली मूर्ती हे सूत्र कुठवर नेता येते ते दाखवते. जेमतेम ८९ सेंटिमीटर उंचीच्या या मूर्तीत मरियेच्या मांडीवर वाळक्या काटकीसारखा झालेला मुलगा आडवा आहे, मान मागे लटकलेली, बरगड्या मोजता याव्यात अशा. जखमांतून गोठलेले रक्त द्राक्षांच्या घोसासारखे उठावाने बाहेर आले आहे. आणि आईच्या चेहऱ्यावर नुसते दुःख नाही, तिथे रागही आहे, जवळजवळ अविश्वास. ही मूर्ती दुरून पाहण्यासाठी नव्हतीच. एकट्याने, संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी, तिच्यासमोर गुडघे टेकून बराच वेळ बसण्यासाठी होती, म्हणून जर्मन भाषेत या प्रकाराला सांजप्रार्थनेवरून नाव आहे. इतक्या जवळून पाहायची असल्यामुळेच तिच्या रंगाला इतके काम दिले गेले.

याउलट काही मूर्ती गर्दीसाठी होत्या. पाम संडेला चाकांच्या पाटावर बसवलेल्या गाढवावरचा ख्रिस्त गावातून ओढत नेत. गुड फ्रायडेला खांद्यांत सांधे असलेल्या क्रूसमूर्तीचे हात खाली दुमडून तिला कबरीत ठेवत, आणि खांद्याचा सांधा दिसू नये म्हणून त्यावर कातडे ताणून रंगवत. स्पेनमधल्या बुर्गोसच्या कॅथेड्रलमधल्या ख्रिस्ताला तर कातड्याची त्वचा आणि खरे केस आहेत. अशा मूर्तींना हात लागत, त्या आपटत, पावसात भिजत, आणि म्हणून पुन्हा पुन्हा रंगवल्या जात.

मग म्युनिकमधल्या उघड्या लाकडाच्या मूर्तींचे काय? त्यांचे दोन गट आहेत आणि ते एकमेकांत मिसळू नयेत. पहिला गट खऱ्या अपवादांचा. व्युर्त्सबुर्गचा टिलमान रीमेनश्नायडर याने १४९० ते १४९२ या काळात म्युनरश्टाट गावच्या चर्चसाठी केलेली वेदी मुळात रंगवलीच नव्हती. लाकडावर तपकिरी छटेचे पातळ आवरण, आणि फक्त डोळ्यांच्या बाहुल्या व ओठ रंगाने टिपलेले. तिच्यातली मारिया माग्दालेना, सर्वांगावर केसांची लव असलेली आणि देवदूतांनी वर उचलून धरलेली, आज म्युनिकमध्येच आहे. आपण पाहिलेली कदाचित तीच असेल. इथे कोरणाऱ्याला रंगाचा आधार नको होता, म्हणून त्याने त्वचा, कापड, केस यांचा फरक केवळ पटाशीच्या फटकाऱ्यांनी केला. असे कोरीवकाम अस्तराखाली जायचे ठरले असते, तर त्याने हे कष्ट घेतले नसते, आणि मूळचे रंगहीन काम ओळखण्याची माझ्या मते हीच सर्वांत भरवशाची खूण. गंमत अशी की गावकऱ्यांना ते पसंत पडले नाही. दहा-बारा वर्षांत त्यांनी ती वेदी रंगवून घेतली, आणि रंगवणारा कोण, तर क्राकूवची प्रचंड वेदी १४७७ ते १४८९ या काळात उभी करणारा फाइट श्टोस. दस्तऐवज खोटा केल्याबद्दल १५०३ मध्ये न्युरेंबर्गला त्याच्या दोन्ही गालांवर तापल्या लोखंडाचे डाग दिले गेले होते, तो तिथून निघून म्युनरश्टाटला जावयाकडे आला होता आणि काम शोधत होता. एवढ्या मोठ्या शिल्पकाराने दुसऱ्या मोठ्या शिल्पकाराचे काम रंगाखाली झाकावे, हे आपल्याला विचित्र वाटते. त्या गावाला ते काम पुरे करणे वाटले. पुढच्या काळात तो रंगही निघाला.

दुसरा गट बराच मोठा आणि दुःखद. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी संग्राहकांना आणि व्यापाऱ्यांना ‘प्रामाणिक लाकूड’ आवडू लागले. ग्रीक संगमरवर पांढरे असते अशी जी समजूत होती, तिचीच ही लाकडी बहीण. मूर्ती दाहक क्षाराच्या द्रावणात बुडवल्या गेल्या, पात्यांनी खरडल्या गेल्या, मग तेल आणि मेण देऊन चमकवल्या गेल्या. अशा मूर्तीच्या कानामागे, काखेत, वस्त्राच्या खोल घडीत भिंगाने पाहिले तर खडूचा पांढरा कण आणि क्वचित वर्खाचा ठिपका सापडतो. संग्रहालयाच्या पाटीवर नुसते ‘लिंडेनचे लाकूड’ लिहिलेले असले तरी तो कण खरी हकिगत सांगतो.

मूळ रंग उत्तम टिकला तो बहुधा जिथे मूर्तीकडे फारसे लक्ष गेले नाही तिथे. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात, मूर्तिपूजेला विरोध करणाऱ्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या लाटेत, लाकडी मूर्ती जवळजवळ सगळ्या जाळल्या-फोडल्या गेल्या, नेदरलँड्समध्ये १५६६ मध्ये तेच झाले. पण स्कँडिनेव्हियातल्या ल्यूथरपंथी गावांनी पूजा थांबवली तरी पुष्कळ मूर्ती कोपऱ्यात राहू दिल्या. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरची विक्लाऊची मरियामाता, आता स्टॉकहोमला आहे, तिच्या मांडीवरचे बाळ हरवले, पण बाराव्या शतकातला रंग आणि सोने अंगावर आहे. जिथे भक्ती अखंड चालली तिथे थरावर थर चढले. शेंदराची खोळ गळून पडल्यावर आतून मारुतीचे जुने रूप बाहेर आल्याच्या हकिगती आपल्याकडे आहेतच; फरक इतकाच की या मूर्तींवरचा प्रत्येक थर हे त्या त्या पिढीचे स्वतंत्र चित्र असते, आणि त्यातला कोणता ठेवायचा व कोणता काढायचा याचे उत्तर आपल्या हाताला मूळ थर पाहण्याची किती घाई झाली आहे यावरून ठरवायचे नसते.

ही घाई मी स्वतः केलेली आहे. कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका जुन्या मूर्तीच्या झग्याच्या आतल्या बाजूवरचा तपकिरी चिकट थर मला मेणबत्त्यांची काजळी वाटला. द्रावकात भिजवलेला कापसाचा बोळा फिरवला आणि खालून चांदी लखलखली, तेव्हा क्षणभर आनंदच झाला. तो थर काजळीचा नव्हता. चांदीवरचे हिरवे पारदर्शक रोगण होते, तांब्यापासून केलेल्या हिरव्या रंगद्रव्याचे असल्यामुळे काळाने तपकिरी पडलेले. अंगठ्याच्या नखाएवढी ती जागा आजही चमकते आहे आणि तिच्यावर मूळ हिरवा कुणालाही परत आणता येणार नाही. तेव्हापासून कडेचा सूक्ष्म नमुना घेऊन तो राळेत बसवून, छेद भिंगाखाली पाहिल्याशिवाय मी बोळा हातात घेत नाही. त्या छेदात पांढरे अस्तर, तांबडी माती, सोन्याची केसाहून बारीक रेघ, मग धूळ, मग पुन्हा पांढरे, पुन्हा रंग, असे सारे एका मिलिमीटरच्या आत मांडलेले दिसते.

आपल्या घरची मूर्ती मध्ययुगीन नसणार, पण कुळ तेच आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ही पद्धत गोव्यात आणि वसईत आली. अस्तर, तांबडी माती, वर्ख, त्यावर रंग देऊन टोकाने ओरखडत खालचे सोने उघडे करणे, हे सारे इथल्या सुतारांनी आणि चिताऱ्यांनी उचलले आणि चेहऱ्यांना इथले वळण दिले. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठातले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय एकदा सवडीने पाहा, तिथे हे सारे डोळ्यांसमोर येईल. इथे बरेचसे काम सागवानात झाले. सागाला वाळवी सहसा लागत नाही, पण त्याच्या अंगच्या तेलकटपणामुळे अस्तराची पकड मुळातच कच्ची राहते. त्यात पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि अस्तर मात्र दगडासारखे ताठ. आपल्याकडचे पोपडे बहुधा याच ओढाताणीतून आले आहेत. रंग खराब झाला असे नाही, त्याच्या खालची पकड सुटली आहे. ती पातळ सरस आत सोडून, हलक्या उबेने आणि दाबाने बहुधा परत बसवता येते. हे काम घरी करण्याचे मात्र नाही.

तोवर मूर्ती ओल्या फडक्याने पुसू नका, तिला खोबरेल, जवसाचे तेल किंवा फर्निचरचे पॉलिश लावू नका, आणि पंख्याखाली किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका. पुढच्या बाजूचे पोपडे लोंबत असतील तर तिला पाठीवर आडवी ठेवा, म्हणजे ते गळणार नाहीत. पाठ पोकळ असेल तर खाली मऊ कापडाची गुंडाळी द्या. गळून पडलेला प्रत्येक तुकडा, कितीही लहान असो, कागदी पाकिटात घालून तो मूर्तीच्या कोणत्या भागाचा आहे ते पाकिटावर लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, बुरशी येते. चारही बाजूंनी उजेडात छायाचित्रे काढा, एक टाळूचे आणि एक पाठीचेही घ्या; ती मला पाठवलीत तर मूर्तीवर किती थर आहेत याचा प्राथमिक अंदाज सांगता येईल.